विहिरींचे पाणी पिवळे झाले. जमिनीखाली लोखंडाची भिंत घालून सुटेल का?

प्रश्न असा आहे. गोव्यात पठारावरच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वी क्रोम प्लेटिंगचा एक कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षे झाली. उताराखालच्या वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) तीन विहिरींचे पाणी पाऊस लागला की पिवळसर दिसते, आणि एका विहिरीत षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी आणि पाण्याबरोबर वाहणारे रूप, लिटरला १.२ मिलिग्रॅम निघाले. पंचायतीपुढे एका सल्लागाराने ६० मीटर लांबीचा चर खणून त्यात लोखंडाचा चुरा भरण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. ग्रामसभेच्या आधी तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे खरेच चालते का, आपल्या जांभ्यात चालेल का, आणि विहिरीचे पाणी पुन्हा कधी पिता येईल.

सरळ उत्तर आधी देतो. षट्संयुजी क्रोमियमवर लोखंड चालते, त्यात शंका नाही. पण प्रस्तावातला चर आज खणायला घ्या असे मी म्हणणार नाही. त्या कागदांत विहिरींच्या पातळीचे एकच मोजमाप आहे, आणि तेही मे महिन्यातले. जांभ्यात मे महिन्यातले पाणी आणि चवथीच्या दिवसांतले पाणी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही: भिंत उत्तम बांधली तरी या विहिरी पिण्याजोग्या व्हायला काही वर्षे जातील. नळाचे पाणी वाड्यावर पोचवण्याची मागणी भिंतीच्या ठरावाला जोडू नका, ती वेगळी आणि आधी करा.

तोवर हे पाणी पिऊ नका, त्यात भात शिजवू नका. उकळून क्रोमियम जात नाही. उलट पाणी आटते आणि क्रोमियम तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते. कॅन्डलच्या फिल्टरने काही होत नाही. अंगाला खाज, हाताला भेगा असतील तर आंघोळही या पाण्याने नको. आणि "आमच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्याला पिवळेपणा जाणवतो तो साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे मर्यादेच्या दहा-पंधरा पट क्रोमियम असलेले पाणी काचेच्या पेल्यात अगदी निर्मळ दिसू शकते. तीनच नव्हे, वाड्यावरच्या सगळ्या विहिरी तपासायला हव्यात.

आता ही भिंत म्हणजे काय ते. "भिंत" या शब्दाने घोटाळा होतो. आपल्याकडे खाजनाचा बांध पाणी अडवण्यासाठी असतो. या भिंतीने पाणी अडवले तर ती फसली असे समजायचे. भूजल उताराकडे सावकाश सरकत असते. त्याच्या वाटेत आडवा चर खणायचा, त्यात लोखंडाचे रवाळ कण भरायचे, वरून माती घालून जमीन पूर्ववत करायची. पाणी नेहमीच्या चालीने त्या लोखंडातून झिरपते आणि पलीकडे निघते. पंप नाही, वीज नाही. मी याला पाझरभिंत म्हणतो.

आत घडते ते गंजणे. गंजताना लोखंड इलेक्ट्रॉन सोडते. पाण्यातले षट्संयुजी क्रोमियम ते घेते आणि त्रिसंयुजी होते. पहिले विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणारे, दुसरे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. ते गंजाबरोबर मिसळून कणांवरच बसते. पाण्यातून बाहेर पडले तरी क्रोमियम जमिनीतच राहते, हे लक्षात असू द्या. फक्त ते चालत नाही. हल्ली कोणी विचारते की ते पुन्हा उलटेल का. मॅंगनीजची ऑक्साइडे त्रिसंयुजी क्रोमियमला परत षट्संयुजी करू शकतात, आणि गोव्याच्या जांभ्यात मॅंगनीज ठिकठिकाणी आहे. लोखंडाबरोबर एकत्र बसलेले क्रोमियम इतके घट्ट असते की ही उलटी क्रिया फार मंद चालते. तरीही चर खणताना काळे, बोटाला डाग लावणारे गोटे निघाले तर ती माती पुन्हा चरात टाकू देऊ नका.

ग्रामसभेत कोणीतरी हमखास विचारील: लोखंडच हवे तर गोव्यात खनिजाचे डोंगर पडले आहेत, ते का नको? डिचोली-सांगेचे खनिज म्हणजे हेमॅटाइट, आधीच पूर्ण गंजलेले लोखंड. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरलेले नाहीत. थोडेफार क्रोमियम ते पृष्ठभागाला चिकटवून धरते, पण पाण्याचा सामू बदलला की सोडूनही देते. चरात धातुरूप लोखंडच लागते. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) कण यासाठी चांगले. कोल्हापूर आणि बेळगावच्या फाउंड्री जवळच आहेत. मात्र लेथवरून आलेल्या चुऱ्याला कटिंग ऑइल लागलेले असते, ते भाजून काढल्याशिवाय कण पाण्याला शिवतच नाहीत. फार बारीक पूडही नको, साधारण पाव ते दोन मिलिमीटरचे कण हवेत. स्पंज आयर्न हा धातूच आहे आणि आपल्या भागात मिळतो. प्रयोगशाळेत तुमच्याच विहिरीच्या पाण्यावर चाचणी करून तो घेता येईल.

हे तंत्र कुठून आले तेही सांगतो, कारण "हा प्रयोग आमच्यावर का" असा प्रश्न रास्त आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९८० च्या दशकात भूजलाचे नमुने घेण्याच्या साहित्याची तपासणी चालू होती. धातूच्या संपर्कात काही क्लोरीनयुक्त द्रावके नाहीशी होत होती. रॉबर्ट गिलहॅम यांनी ती तक्रार म्हणून सोडून न देता उपाय म्हणून पाहिली. १९९१ मध्ये ऑन्टॅरिओतल्या बॉर्डन इथे पहिली भिंत जमिनीत गेली. तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एलिझाबेथ सिटी इथले आहे. तिथे तटरक्षक दलाच्या हवाई तळावर तीस वर्षांहून अधिक काळ क्रोम प्लेटिंग चालले. काँक्रीटच्या फरशीतून आम्ल खाली झिरपत राहिले, ते १९८८ मध्ये कळले. जून १९९६ मध्ये तिथे ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद भिंत घातली. १५ वर्षांनंतरच्या तपासणीतही ती क्रोमियम अडवत होती. त्याच जागी दुसऱ्या दूषकाचा, ट्रायक्लोरोइथिलीनचा, काही भाग भिंतीच्या खालून निसटलाही होता. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. लोखंड आपले काम करते. फसते ते पाणी कुठून जाते याचे आपले गणित.

ते गणित तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. जांभ्याचा पाझर (त्यातून पाणी किती सहज जाते ते) आणि जमिनीखालच्या पाण्याचा उतार हे दोन आकडे मी अंदाजाने धरतो आहे. तुमच्या जागेचे मोजून काढावे लागतील.

मे महिन्यात समजा पाण्याचा थर ४ मीटर उंच आहे. लांबी ६० मीटर, म्हणजे पाणी जायला २४० चौरस मीटरची खिडकी. पाझर दिवसाला २ मीटर आणि उतार शंभराला दोन धरला तर खिडकीच्या दर चौरस मीटरमधून दिवसाला ०.०४ घनमीटर, एकूण साडेनऊ हजार लिटरच्या आसपास पाणी जाते. लिटरला १.२ मिलिग्रॅमप्रमाणे त्यातले क्रोमियम दिवसाला साडेअकरा ग्रॅम, वर्षाला जेमतेम चार किलो. ०.६ मीटर रुंदीच्या भिंतीत अर्धी वाळू मिसळली तरी सुमारे १८० टन लोखंड बसते. चार किलोसाठी १८० टन. ऐकायला विचित्र वाटते, पण लोखंड खातो तो क्रोमियम नव्हेच. पावसाचे ताजे पाणी प्राणवायू घेऊन येते. लिटरला ६ मिलिग्रॅम धरला तर वर्षाला २१ किलो प्राणवायू, आणि तो संपवायला पन्नास किलोच्या आसपास लोखंड. तेही १८० टनांपुढे काही नाही. पण हा सगळा गंज वरच्या अंगाच्या पहिल्या काही सेंटिमीटरात जमतो. भिंतीचे तोंड तिथे बुजत जाते, आणि बुजलेल्या भिंतीला पाणी वळसा घालते. म्हणून पुढच्या अंगाला जाड वाळूत थोडेसे लोखंड मिसळलेला हातभर रुंदीचा पट्टा द्यायचा. प्राणवायू त्यात संपतो आणि गंजाला पसरायला जागा मिळते. प्रस्तावात हा पट्टा नाही. घालायला सांगा.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. चुनखडीच्या प्रदेशात भिंतीत चुना साचून ती बुजते. आपल्या जांभ्यातले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यात तो त्रास कमी, आणि क्रोमियमची क्रियाही अशा पाण्यात वेगाने होते.

आता तेच गणित पावसाळ्यात करा. पाणी चार-पाच मीटर वर चढले की ते वरच्या भोकाळ जांभ्यात शिरते. तिथे पाझर २ वरून ३० मीटरवर जाऊ शकतो आणि उतारही वाढतो. मे महिन्यात ०.६ मीटर लोखंड पार करायला पाण्याला सहा-सात दिवस लागत होते (पाणी फक्त कणांमधल्या पोकळीतून जाते, म्हणून त्याची खरी चाल दिवसाला ०.०४ मीटरपेक्षा जास्त असते). जुलैत ते सात तासांत पार होते. १.२ मिलिग्रॅमचे ०.०५ च्या खाली आणायचे तर प्रमाण पाच वेळा अर्धे व्हावे लागते: ०.६, ०.३, ०.१५, ०.०७५, ०.०३८. एकदा अर्धे व्हायला तास लागत असेल तर पाच तास हवेत, मिळतात सात. दोन तास लागत असतील तर भिंत जुलैत अपुरी पडते. हा "अर्धे होण्याचा वेळ" पुस्तकातून घ्यायचा नसतो. तुमच्या विहिरीचे पाणी आणि विकत घ्यायचे तेच लोखंड एका उभ्या नळीत घालून काही आठवडे चाचणी करतात. सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा: नळीची चाचणी केली का, आणि कोणत्या महिन्याच्या वेगासाठी जाडी काढली?

हे मी इतके ठासून सांगतो त्यामागे एक अनुभव आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गोव्याच्या हद्दीबाहेर, पण अशाच जांभ्याच्या उतारावर, आम्ही बारा मीटर लांबीचा चाचणीचा चर केला होता. पाण्याची पातळी मी फेब्रुवारी ते मे मोजली होती. लोखंडाचा माथा मे महिन्याच्या पातळीच्या मीटरभर वर ठेवला आणि पुरेशी सोय केली असे मानले. जुलैत एका सकाळी खालच्या कुळागरातल्या (पोफळी-नारळाच्या बागेतल्या) झरीवर गेलो. पांढऱ्या एनॅमलच्या वाडग्यात पाणी घेतले. हळदीचे बोट बुडवून काढावे तसा रंग. षट्संयुजी क्रोमियम ओळखायच्या रसायनाचे, डायफिनाइलकार्बाझाइडचे, थेंब टाकले आणि पाणी बघता बघता जांभळट गुलाबी झाले. चराच्या लगत खोल नळीतले पाणी स्वच्छ होते, उथळ नळीतले दूषित. पाणी लोखंडाच्या माथ्यावरून येत होते.

पाऊस ओसरल्यावर बाजूला खणून पाहिले. वरच्या जांभ्यात मनगट जाईल एवढे भोक होते, आत गुळगुळीत झालेले, वर्षानुवर्षे पाणी वाहून तयार झालेले. कुळागरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेले एक आजोबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, आषाढात इथे कान लावला की खालून पाण्याचा आवाज येतो. चार महिने आम्ही तिथे उपकरणे घेऊन फिरत होतो आणि त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. चूक माझी होती. तेव्हापासून मी जागेवर गेलो की आधी म्हाताऱ्या माणसांकडे जातो: कोणत्या विहिरीत पाणी कोणत्या बाजूने येते, कोणता झरा कधी सुरू होतो आणि कधी आटतो, पावसात जमीन कुठे पोकळ वाजते. हे तुम्ही ग्रामसभेतच विचारू शकता आणि नकाशावर मांडू शकता.

आपल्या पठारांची रचना साधारण अशी असते. वर कडक जांभा, ज्यातून चिरे काढतात. त्याखाली मऊ, भोकाळ जांभा. त्याखाली शेडी, ती पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती. तिच्याखाली कुजलेला आणि मग अखंड खडक. पाणी जांभ्यातून उतरते, शेडीवर अडते आणि तिच्या माथ्यावरून आडवे चालत पठाराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. जुन्या विहिरीत मे महिन्यात वाकून पाहिले तर चिऱ्याच्या बांधकामाखाली ही सांध्याची रेघ दिसते, आणि पाणी नेमके तिथून पाझरताना दिसते. पाझरभिंतीचा पाय या शेडीत निदान हातभर रुतला पाहिजे, नाहीतर पाणी खालून जाईल. पण शेडी ओली झाली की चराच्या बाजू ढासळतात. खणणाऱ्या माणसांच्या जिवाला हा सर्वांत मोठा धोका आहे. पाच-सहा मीटर खोल चरात आधाराशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, ठेकेदार काहीही म्हणो.

यावर उपाय आहे. चर खणतानाच त्यात गवारीच्या डिंकाचे घट्ट पाणी भरून ठेवतात. ते बाजूंना धरून ठेवते, वरून लोखंड सोडता येते, आणि नंतर एन्झाइम घालून तो डिंक मोडला की पाझर मोकळा होतो. गवार गम राजस्थानातून हवा तेवढा मिळतो. मात्र आपल्या दमट उकाड्यात तो दोन-तीन दिवसांतच नासायला लागतो आणि पातळ होतो. धुण्याचा सोडा घालून सामू वाढवून ठेवावा लागतो आणि घट्टपणा दिवसातून अनेकदा मोजावा लागतो. हे काम केलेला ठेकेदार हवा. विहिरी खणणाऱ्याला हे जमेलच असे नाही.

काही सल्लागार दोन बाजूंना पोलादी पत्र्यांच्या आडभिंती घालून पाणी मधल्या छोट्या लोखंडी दारातून न्यायची रचना सुचवतात, लोखंड वाचते म्हणून. तुमच्या उतारावर मी ती नाकारीन. डेन्व्हरच्या फेडरल सेंटरमध्ये १९९६ मध्ये अशी रचना केली. पाणी आडभिंतीमागे तुंबले आणि कडेने निघून गेले. तिथला पाऊस आपल्या तुलनेत काहीच नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो तिथे भूजल अडवून ठेवणे म्हणजे वरच्या घरांच्या पायात पाणी शिरवणे. शिवाय कडक जांभ्यात ते पत्रे ठोकून जाणार नाहीत.

मग मी काय करीन? तुमची जागा न पाहता हे सांगतो आहे, तरी माझा कल स्पष्ट आहे. पाणी शेडीच्या माथ्यावरून येत असेल आणि खाली उतार असेल, तर लोखंड चरात पुरू नये. चरात गिट्टी आणि सच्छिद्र पाइप घालून पाणी नुसते गोळा करावे, ते उताराने खाली आणावे आणि लोखंड भरलेल्या झाकणबंद टाकीतून जाऊ द्यावे. उत्तर आयर्लंडमध्ये मंक्सटाउन इथे १९९५ मध्ये लोखंड जमिनीत पोलादी उभ्या नळकांड्यात ठेवले होते, त्याच जातीची ही कल्पना. फायदा साधा आहे: टाकी उघडता येते. लोखंड बुजले तर बदलता येते, पावसाळ्यात दुसरी टाकी जोडता येते, आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी कोणालाही बाटलीत धरता येते. जमिनीखाली पुरलेल्या भिंतीत काय चालले आहे हे पाहायला पाचदहा निरीक्षण नळ्या आणि दरवर्षीचा खर्च लागतो. पैसे संपले की आपल्याकडे सर्वांत आधी तेच बंद होते. टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात विरघळलेले लोखंड असते, ते हवेला लागले की तांबडे होते. ते निवळवायला एक उघडी कुंडी लागेल, आणि टाकीतला जुना गंज धोकादायक कचरा म्हणून रीतसर न्यावा लागेल. ही कटकट खरी आहे, पण डोळ्यांसमोरची आहे.

लोखंडाऐवजी जमिनीत काही टोचून भागेल का, असेही विचारले जाते. उसाची मळी घातली की जीवाणू प्राणवायू संपवतात आणि क्रोमियम त्रिसंयुजी होते. आयआयटी मद्रासमध्ये अशा जैव-अडसरावर प्रायोगिक काम झाले आहे. रसायन टोचण्याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या हॅनफर्डचे. तिथे सोडियम डायथायोनाइट टोचून सुमारे ६८० मीटरचा पट्टा तयार केला आणि काही विहिरींत क्रोमियम अपेक्षेपेक्षा फार लवकर पुन्हा दिसू लागले, कारण जास्त पाझराच्या थरांतून प्राणवायूचे पाणी आधी धावले. मनगटाएवढी भोके असलेल्या जांभ्यात हेच आणखी वेगाने होईल. मुख्य उपाय म्हणून मला हे पटत नाही.

वास्को-दाबोळीच्या बाजूचे कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: विहिरीला पेट्रोलचा वास येत असेल तर लोखंडाचा काही उपयोग नाही. बेन्झिनवर लोखंड चालत नाही. तिथे आधी तरंगणारे तेल काढायचे आणि मग जीवाणूंना प्राणवायू पुरवायचा, म्हणजे इथल्या अगदी उलट.

आणि एक गोष्ट प्रस्तावात कुठेच दिसली नाही. कारखान्याच्या फरशीखालची माती अजून तिथेच आहे. पहिल्या पावसात पाणी चढते, त्या मातीला भिजवते आणि क्रोमियम घेऊन उतरते. तुमच्या विहिरी पावसाळ्यात पिवळ्या होण्याचे कारण बहुतेक हेच. ती माती काढून सुरक्षित जागी नेली नाही, निदान तिच्यावर पाणी पडणार नाही असे छप्पर आणि गटार केले नाही, तर भिंत आपल्या नातवंडांच्या काळातही चालू ठेवावी लागेल. भिंतीसाठी एक रुपया मंजूर होण्याआधी या मातीचा हिशेब मागा. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत, त्यांत खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घेण्याची तरतूद आहे. पंचायतीने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच नियमांखाली लेखी अर्ज करावा. निरीक्षण नळ्यांसाठी जमिनीत भोके पाडायची तर गोवा भूजल नियमन कायदा, २००२ प्रमाणे जलस्रोत खात्याला आधी विचारा.

विहिरी सुधारायला वर्षे का लागतात तेही सांगतो. भिंतीच्या खालच्या बाजूला जे क्रोमियम आधीच पोचले आहे ते भिंतीला कधीच भेटणार नाही. उन्हाळ्याच्या चालीने शंभर मीटर सरकायला पाण्याला पावणेदोन वर्षे लागतात, आणि जांभ्यातली लोह-ऑक्साइडे क्रोमियम धरून ठेवून थोडे थोडे सोडत राहतात. वरच्या विहिरी आधी सुधारतील, खालच्या नंतर.

या वर्षी करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा. टेपला वजन बांधून दर रविवारी सकाळी, पाणी उपसण्याआधी, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. मृगाच्या पहिल्या सरीपासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोनदा मोजा. त्या काळात पातळी एका रात्रीत मीटरभर हलते. कठड्यांची उंची एकमेकांशी जुळवून घ्यायला सर्व्हेअरला एक दिवस बोलवा, नाहीतर या आकड्यांवरून पाणी कोणत्या दिशेला चालले ते काढता येणार नाही. झरीखाली बादली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात तेही लिहा. नमुने मे अखेरीस, पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याने आणि चवथीच्या सुमारास घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, गळ्यापर्यंत भरा, आम्ल घालू नका, बर्फाच्या पेटीत ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत द्या. एकूण क्रोमियम आणि षट्संयुजी क्रोमियम दोन्ही वेगवेगळे मागा. ही वही घेऊन पुढच्या कार्तिकात त्याच सल्लागारासमोर बसा आणि भिंतीची खोली, माथा आणि जाडी पुन्हा काढायला सांगा.